संगणकातील बोंडअळी : ई-मेलच्या जोडपत्रांतून पसरणारे कृमी

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीच्या परिसरात कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला गुलाबी बोंडअळीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. अळी कोवळ्या बोंडात शिरते, शिरण्याचे छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसत राहते. बोंड फुटते तेव्हाच आतील सरकी पोखरल्याचे ध्यानात येते. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्याने तिचा फटका सोसला आहे. संगणकालाही अशीच एक कीड लागते. ‘वर्म’ म्हणजे कृमी या नावाने ती ओळखली जाते आणि बहुधा ई-मेलसोबत आलेल्या जोडपत्रातून ती आत शिरते.

ढाणकी येथे आता नगरपंचायत आहे. आसपासच्या गावांच्या ग्रामपंचायतींतही जन्म-मृत्यूच्या नोंदी, करआकारणी, लाभार्थ्यांच्या याद्या आणि निधीचे व्यवहार संगणकावर होतात. २०११ साली राज्यात ‘संग्राम’ प्रकल्प सुरू झाला आणि पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ आली. त्यामुळे गावाचे दप्तर कपाटातून यंत्रात गेले. म्हणून या किडीची माहिती केवळ तंत्रज्ञांपुरती ठेवून चालणार नाही.

विषाणू आणि कृमी

संगणकाचा विषाणू एखाद्या फाइलला चिकटतो व ती फाइल जेथे नेली जाईल तेथे जातो. कृमी हा स्वतंत्र प्रोग्राम असतो. तो स्वतःच्या प्रती स्वतःच काढतो आणि स्वतःच त्या दुसरीकडे धाडतो. ई-मेल कृमीला मनुष्याचे साहाय्य बहुधा एकदाच लागते, ते जोडपत्र उघडण्याच्या क्षणी. त्यानंतरचे सारे काम यंत्र करते.

याचे सर्वपरिचित उदाहरण ४ मे २००० रोजी जगापुढे आले. ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेला एक ई-मेल फिलिपाइन्समधून निघाला. सोबतचे जोडपत्र प्रेमपत्र असल्याचे भासविण्यात आले होते. त्याच्या नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ आणि त्यापुढे ‘व्हीबीएस’ अशी दोन उपनामे होती. विंडोज प्रणाली शेवटचे उपनाम सहसा दाखवीत नसल्याने पाहणाऱ्यास तो साधा मजकूर वाटे. प्रत्यक्षात ती संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका होती.

जोडपत्र उघडताच कृमी स्वतःची प्रत प्रणालीच्या फोल्डरमध्ये ठेवी आणि संगणक सुरू होताच आपण चालू व्हावे अशी नोंद करी. त्यानंतर आउटलुकमधील पत्त्यांची वही वाचून तो त्यातील प्रत्येकास तेच पत्र पाठवी, तेही संगणकाच्या मालकाच्या नावाने. छायाचित्रांच्या फाइलींवर तो स्वतःचा मजकूर लिही. त्या फाइली कायमच्या जात. थोड्याच दिवसांत जगभरातील लक्षावधी संगणक बाधित झाले. ब्रिटनच्या संसदेलाही आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली.

प्रसार इतका शीघ्र का होतो, हे साध्या गणिताने समजते. १९९९ सालचा ‘मेलिसा’ पत्त्यांच्या वहीतील पहिल्या ५० पत्त्यांवर जात असे. त्या पन्नासांपैकी केवळ ५ जणांनी जोडपत्र उघडले असे धरले, तरी पहिल्या टप्प्यात ५, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात १२५, चौथ्यात ६२५ आणि पाचव्यात ३,१२५ संगणक बाधित होतात. एका माणसाने जोडपत्र न उघडल्यास साखळीची एक शाखा तेथेच तुटते. प्रतिबंधाचे सारे मर्म यात आहे.

ओळखीचा मुखवटा

कृमीचे खरे बळ तंत्रात नसून विश्वासात आहे. अनोळखी माणसाचे पत्र कोणीही सावधपणे पाहतो. परंतु बाधित संगणकावरून निघालेले पत्र परिचिताच्या नावाने येते. वरिष्ठ कार्यालयाच्या नावाने ‘तातडीचे’, ‘आजच माहिती सादर करावी’ असा मजकूर आला, की कनिष्ठ कर्मचारी शंका घेण्यास कचरतो. आज्ञापालनाची चांगली सवयच येथे किडीची वाट होते.

हीच युक्ती आता भ्रमणध्वनीवर आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील एका सरकारी कर्मचाऱ्यास व्हॉट्सअॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. पीडीएफ भासणारी ती फाइल वस्तुतः ‘एपीके’, म्हणजे भ्रमणध्वनीत बसविला जाणारा प्रोग्राम होती. ती उघडल्यानंतर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका हा कागद आहे आणि कागद पाहण्यासाठी कोणताही प्रोग्राम बसवावा लागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी हा धोका ओळखता येतो.

महाराष्ट्राचा अनुभव

फ्लॉपीच्या काळात विषाणू हातोहात फिरत. त्या दिवसांत, १९९० च्या दशकात, मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांतील विषाणू पाहून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर उपाय करणारे प्रोग्राम लिहिले. त्यांतून ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक उभे राहिले.

कृमी आत शिरल्यावर काय होते, हे २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात दिसले. त्या दिवशी जगभर पसरलेल्या कृमीमुळे तेथील एका टर्मिनलची संगणकयंत्रणा बंद पडली. हा कृमी जोडपत्रातून नव्हे, तर युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून निघाला होता. तथापि एकदा आत आल्यावर तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप गेला. एकाच जोडणीवर चालणाऱ्या कार्यालयांनी हा धडा घेण्याजोगा आहे.

आवक-जावकची शिस्त

यावरील पहिला उपाय आपल्या कार्यालयांना परकीय नाही. टपालाने आलेले पत्र कारकून तसेच स्वीकारीत नाही. पाठविणारे कार्यालय, जावक क्रमांक, दिनांक व स्वाक्षरी पाहूनच त्याची आवक नोंदवहीत नोंद होते. हीच शिस्त ई-मेलला लावणे अगत्याचे आहे.

१. पाठविणाऱ्याचे केवळ नाव न पाहता संपूर्ण पत्ता वाचावा.

२. अपेक्षा नसताना जोडपत्र आले, तर ज्ञात दूरध्वनी क्रमांकावर विचारून खात्री करावी. त्याच ई-मेलला उत्तर देऊन खात्री होत नाही.

३. फाइलचे पूर्ण नाव दिसेल अशी व्यवस्था करावी. ‘ईएक्सई’, ‘व्हीबीएस’, ‘जेएस’ किंवा ‘एपीके’ असा शेवट असलेले जोडपत्र उघडू नये. दस्तऐवजाने ‘मॅक्रो’ सुरू करण्याची परवानगी मागितल्यास ती देऊ नये.

४. संगणकाची प्रणाली व विषाणूरोधक अद्ययावत ठेवावे.

५. महत्त्वाच्या दप्तराची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती डिस्क संगणकापासून वेगळी करावी. जोडून ठेवलेली प्रतही बाधित होते.

जोडपत्र चुकून उघडले गेलेच, तर संगणकाची इंटरनेट व कार्यालयीन जोडणी प्रथम तोडावी, वरिष्ठांना कळवावे आणि आपल्या पत्त्यावरून आलेले जोडपत्र उघडू नये असे परिचितांना दूरध्वनीने सांगावे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना निदर्शनास आल्यापासून ६ तासांत तिला कळविणे शासकीय संस्थांनाही बंधनकारक आहे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. कृमी हेतुपुरस्सर सोडणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

चूक लपविणे हा मात्र सर्वांत मोठा धोका होय. जोडपत्र उघडणारा कर्मचारी रागावण्याच्या भीतीने गप्प राहिला, तर त्या अवधीत कृमी शेजारच्या दहा कार्यालयांत पोचतो. म्हणून चूक त्वरित सांगणाऱ्यास दोष न देण्याचे धोरण कार्यालयप्रमुखांनी व सरपंचांनी ठेवावे. एका शेतातील अळीची वार्ता वेळेवर कळली, तर सारे शिवार वाचते. शेतकऱ्याचे हे शहाणपण गावच्या दप्तरासही लागू पडते.