बेंझीनच्या षट्कोनातील रेघा

रसायनशास्त्राचा विद्यार्थी जी आकृती पुनःपुन्हा काढतो आणि जिच्याविषयी क्वचितच शंका घेतो, ती बेंझीनच्या रेणूची होय. सहा कोपऱ्यांवर सहा कार्बन अणू, प्रत्येकाशी जोडलेला एकेक हायड्रोजन आणि षट्कोनाच्या बाजूंवर आळीपाळीने एक रेघ व दोन रेघा. एक रेघ म्हणजे एकेरी बंध, अर्थात दोन अणूंच्या सामाईक मालकीची इलेक्ट्रॉनांची एक जोडी. दोन रेघा म्हणजे दुहेरी बंध, अर्थात अशा दोन जोड्या. कार्बनची संयुजा चार आहे आणि ती येथे प्रत्येक कोपऱ्यावर पुरी होते. हिशेब चोख आहे. परंतु हिशेब जुळला म्हणून रेणू तसाच असेल, असे मात्र नव्हे.

मायकेल फॅराडे यांनी १८२५ मध्ये दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूच्या टाक्यांत साचलेल्या तेलकट द्रवातून बेंझीन वेगळे केले. त्याच्या सहा कार्बन अणूंचे वलय असावे, ही कल्पना ऑगस्ट केकुले यांनी १८६५ मध्ये मांडली. स्वतःचे शेपूट तोंडात धरणारा साप आपल्याला डुलकीत दिसला, ही हकीकत त्यांनी पंचवीस वर्षांनंतर, १८९० मध्ये, एका सत्कार समारंभात सांगितली. ती मनोरंजक आहे, पण पुरावा म्हणून तिचे मोल फारसे नाही.

आक्षेप लवकरच निघाला. बेंझीनमधील शेजारशेजारच्या दोन हायड्रोजन अणूंच्या जागी क्लोरीनचे अणू आणले, तर त्या दोन कोपऱ्यांमध्ये कधी एकेरी, तर कधी दुहेरी बंध येईल; म्हणजे असे दोन निरनिराळे पदार्थ मिळावयास हवेत. प्रयोगशाळेत मिळतो तो एकच. केकुले यांनी १८७२ मध्ये यावर तोड सुचवली, ती अशी की हे बंध सतत आपल्या जागा बदलत असतात. आक्षेप टळला खरा, पण रेणूच्या अंतरंगात डोकावण्याचे साधन तेव्हा कोणापाशीच नव्हते.

ते साधन क्ष-किरणांनी दिले. स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या ठशांवरून त्यातील अणूंच्या जागा ठरवता येतात. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये हिऱ्याची रचना या रीतीने उलगडली. हिऱ्यातही कार्बनची सहा अणूंची वलये आहेत, पण ती सपाट नाहीत. त्यांचे कोपरे एकाआड एक वर-खाली झालेले असतात. ग्रॅफाइटमध्ये मात्र तीच वलये एका पातळीत पसरलेली असतात. मग बेंझीनचे वलय हिऱ्यासारखे की ग्रॅफाइटसारखे? थोरले ब्रॅग यांचा कल हिऱ्याकडे होता.

निर्णय केला तो त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेल्या कॅथलीन लॉन्सडेल यांनी. त्या वेळी त्या लीड्स येथे होत्या. बेंझीन साध्या तापमानाला द्रव असते, म्हणून त्यांनी हेक्झामिथिल बेंझीन घेतले. त्यात सहा हायड्रोजनांच्या जागी सहा मिथिल गट असतात. स्फटिक तेथील प्राध्यापक इन्गोल्ड यांनी पुरवले. निवड अचूक ठरली: या स्फटिकाच्या एकक कोशात एकच रेणू असतो, त्यामुळे रेणूंच्या परस्परांतील मांडणीचा गुंता आड येत नाही. संगणक नव्हते, सारे गणित हाताने करावे लागले. १९२८ आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी वलय सपाट असल्याचे दाखवले. कार्बन अणूंमधील अंतर १.४२ अँगस्ट्रॉम भरले. आपल्या गुरूचा अंदाज आपल्याच मोजमापाने खोडावा लागणे, ही विज्ञानातील नेहमीची गोष्ट असली, तरी पंचविशीतील संशोधिकेला ती सोपी गेली असेल असे वाटत नाही. लगोलग, १९३० मध्ये, केदारेश्वर बॅनर्जी यांनी नॅप्थॅलीन व अँथ्रॅसीन यांच्या स्फटिकरचना मांडल्या.

पुढे अधिक बारीक मोजमापे झाली. एकेरी कार्बन बंध साधारण १.५४ अँगस्ट्रॉम आणि दुहेरी १.३४ अँगस्ट्रॉम लांबीचा असतो. बेंझीनच्या सहाही बाजू सारख्याच, सुमारे १.४० अँगस्ट्रॉमच्या, निघाल्या. आळीपाळीच्या लांब-आखूड बाजू कोठेच नाहीत.

उष्णतेची साक्षही तीच. सायक्लोहेक्झीनमध्ये एक दुहेरी बंध असतो. त्याला हायड्रोजन जोडताना प्रतिमोल २८.६ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. केकुलेंच्या बेंझीनमध्ये असे तीन बंध आहेत, तेव्हा ८५.८ किलोकॅलरी अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात ४९.८ मिळतात. उरलेल्या ३६ किलोकॅलरींइतका बेंझीनचा रेणू आकृतीतील रेणूपेक्षा अधिक स्थिर आहे.

याचे कारण असे, की ते सहा इलेक्ट्रॉन तीन ठरावीक बंधांत अडकून न राहता सबंध वलयावर पसरलेले असतात. पॉलिंग यांनी याला ‘संस्पंदन’ म्हटले. हा शब्द विद्यार्थ्याला हमखास चकवतो: रेणू क्षणात एका रूपात, क्षणात दुसऱ्या रूपात जातो, असे त्याला वाटते. पिवळा आणि निळा मिसळून झालेला हिरवा रंग आळीपाळीने पिवळा व निळा होत नसतो.

मग आळीपाळीच्या रेघा काढता येतील त्या प्रत्येक वलयाला ही स्थिरता लाभते काय? १९११ मध्ये विलश्टेटर यांनी आठ कार्बनांचे असे वलय, सायक्लोऑक्टाटेट्राईन, तयार केले. कागदावर ते बेंझीनचेच भावंड दिसते. पण ब्रोमीनशी त्याचा संयोग सहज होतो. साध्या दुहेरी बंधाचे वर्तन ते असेच. पसरलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या दोन, सहा, दहा अशी असेल तरच सपाट वलय विशेष स्थिर होते, हे ह्युकेल यांच्या १९३१ पासूनच्या गणिताने स्पष्ट झाले. येथे ती आठ आहे. या रेणूचे वलय सपाट नसून टबासारखे वाकलेले आहे, आणि त्याच्या बाजू खरोखरच एक लांब, एक आखूड अशा आहेत.