आपल्या पिक्चरचा व्हिलन कोण ठरवतं?

मागच्या सेमिस्टरची सबमिशन्स संपली त्या रात्री आम्ही होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये 'इप मॅन' लावला होता. २००८ चा हाँगकाँगचा पिक्चर. जपानी फौजेने चीनमधलं फोशान शहर ताब्यात घेतलंय, लोक उपाशी आहेत आणि एक शांत स्वभावाचा माणूस दहा जपानी कराटेवाल्यांना एकटाच लोळवतो. शिट्ट्यांनी खोली दणाणली. तेवढ्यात मागून सिव्हिलच्या एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, चायनीज पिक्चरमध्ये व्हिलन कायम जपानीच का ओ?"

कोणीतरी लगेच उत्तर दिलं, "आणि लगा, आपल्या पिक्चरमध्ये कायम पाटीलच का?"

सगळे हसले. मी वाळवा तालुक्यातला, आडनावाने पाटीलच, त्यामुळे ते हसणं जरा लागलं. पण प्रश्न डोक्यात बसला. सुट्टीत थोडं वाचलं, थोडे जुने पिक्चर पाहिले, घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतोय. सिनेमाचे जाणकार सर-मॅडम कॉलेजात आहेत, त्यांनी चुका पोटात घालाव्यात.

फर्स्ट इयरला अप्लाइड मेकॅनिक्समध्ये आपण पहिल्यांदा काय शिकतो? वस्तू आपणहून दिशा बदलत नाही, बाहेरून बल लागावं लागतं. आणि ते बल दिसत नसेल तर फ्री बॉडी डायग्राम काढायची. सिनेमाची तशी डायग्राम काढली तर काय दिसतं ते पाहू.

आधी चीन

१९३२ च्या जानेवारीत जपानने शांघायवर हल्ला केला. शांघाय म्हणजे चिनी सिनेमाचं माहेरघर. तिथले कित्येक स्टुडिओ आणि थिएटरं त्यात गेली. त्याआधी तिथे उडत्या तलवारबाजांचे पिक्चर तुफान चालत होते. त्यांच्यामुळे अंधश्रद्धा पसरते म्हणून १९३१ च्या सुमारास सरकारने त्यांच्यावर बंदी आणली. बंदी आणि बॉम्ब यांनी मिळून सिनेमा जमिनीवर आणला. मग गरीब, बेकार, घर सुटलेल्या माणसांच्या गोष्टी आल्या. १९३७ मध्ये शांघाय पडलं. युद्धाने फुटलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगणारा 'वसंतातली नदी पूर्वेकडे वाहते' हा पिक्चर १९४७ मध्ये आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्यातलं दुःख प्रत्येकाच्या घरात होऊन गेलेलं होतं.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि बरीच सिनेमावाली मंडळी हाँगकाँगला गेली. मुख्य भूमीवर जे हरवलं होतं ते तलवारबाज तिथे पुन्हा जिवंत झाले. १९७२ चा ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' त्याच रस्त्यावरचा. मुख्य भूमीवर मात्र १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत काही वर्षं नवे कथापट जवळजवळ थांबलेच. ठरवून दिलेल्या मोजक्या 'आदर्श' नाट्यकृतींचीच चित्रणं पडद्यावर येत होती. म्हणजे आमच्या ज्युनिअरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं: जपानी व्हिलन इतिहासातून आला हे खरं, पण तो टिकला कारण त्याला दाखवायला पुढे सरकारी आडकाठी फारशी नव्हती. घरातला व्हिलन दाखवणं अवघड होतं.

या चीनशी आपला एक धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. वय फक्त ३२. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि डॉक्टरांचं काम स्वतः केलं.

एका शब्दाची भीती

आता आपल्याकडे वळू. 'प्रभात'ने १९३० मध्ये शिवाजी महाराजांवर मूकपट काढला, त्याचं नाव 'स्वराज्याचे तोरण' ठेवलं होतं. ते वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचं. त्याच वर्षी आपल्या शिराळ्यातल्या बिळाशीत जंगल सत्याग्रह पेटला होता. 'स्वराज्य' हा शब्द सेन्सॉरला सोसवेना. पिक्चर 'उदयकाल' नावाने लागला. १९३५ मध्ये संत एकनाथांवरच्या पिक्चरचं नाव 'महात्मा' होतं, त्यात एकनाथ होते मूळचे नागठाण्याचे बालगंधर्व. महात्मा म्हटलं की लोकांना गांधीजी आठवणार, म्हणून तो 'धर्मात्मा' झाला.

यातून आपल्या सिनेमाने एक युक्ती शिकली: आजचं बोलायचं असेल तर इतिहासातलं किंवा संतांचं सांगायचं. मराठी पडद्यावर संत आणि मावळे एवढे का, याचं एक कारण भक्ती आणि अभिमान, दुसरं कारण ही कात्री.

थेट बोलणारेही होते. १९४० मध्ये लाहोरचा ठराव झाला आणि १९४१ मध्ये शांतारामांनी 'शेजारी' काढला. एक हिंदू, एक मुसलमान, जिवलग मित्र. धरण बांधणाऱ्या कंपनीचा मालक त्यांच्यात भांडण लावतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघे एकमेकांचा हात धरून जातात. सिव्हिलवाल्यांनी एकदा जरूर पाहावा, धरण फुटण्याच्या सीनसाठी तरी.

अकरा हजार फूट

हा भाग खास आपल्या लोकांसाठी, कारण यात गणित आहे. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली. फिल्म भारतात बनत नव्हती, सगळी बोटीने यायची. १९४२ मध्ये सरकारने कथापटाची लांबी ११,००० फुटांवर आणली. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी असतात आणि सेकंदाला २४ चौकटी पळतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. ११,००० भागिले ९० म्हणजे साधारण १२२ मिनिटं. पिक्चर किती वेळ चालणार हे दिग्दर्शकाऐवजी बोटी ठरवू लागल्या. पुढच्या वर्षी फिल्मसाठी लायसन्स आलं आणि थिएटरात सरकारी युद्धप्रचाराच्या फिल्म दाखवणं सक्तीचं झालं.

याचा सगळ्यात मोठा फटका कोणाला बसला? मराठीला. युद्धाआधी 'प्रभात' तोच पिक्चर मराठी आणि हिंदी असा दोनदा काढायचं: 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी'. आता हातात एकच लायसन्स असेल तर निर्माता मोठं मार्केट बघणार, म्हणजे हिंदी. त्या वर्षांत मराठी पिक्चर अगदी रोडावले. बंधन उठल्यावर १९४७ मध्ये 'राम जोशी' आणि 'जय मल्हार' आले आणि दोन्ही चालले. तमाशाचा फड, गावची चावडी, ढोलकी हा जो मराठी पिक्चरचा साचा पुढे पंचवीस-तीस वर्षं टिकला, त्याची सुरुवात इथली. तो साचा काही आकाशातून पडला नाही.

आपल्याच शिवारातल्या दोन गोष्टी

'राम जोशी' लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातले. त्या काळी तो भाग औंध संस्थानात होता. औंधच्या राजाने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्य देऊन टाकलं. त्या कामात गांधीजींच्या सल्ल्याने मदत केली मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या गृहस्थाने, आणि तो होता चक्क इंजिनिअर! बंगळूरच्या सरकारी कारखान्यातली नोकरी सोडून तो इकडे आला होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत निघाली, जिथे शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय राहायचे आणि शेती करायचे. ती आजही आहे. या प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं. ज्या गावावरून आपण एसटीने बाराशे वेळा जातो, त्या गावाची गोष्ट बर्लिनच्या पडद्यावर दिसून आलीय.

दुसरी गोष्ट वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची. बेचाळीसच्या चळवळीत इथे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. अण्णा भाऊ त्याच मातीतले. मुंबईत १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर पुढे 'वैजयंता' (१९६१), 'फकिरा' (१९६३), 'डोंगरची मैना' (१९६९), 'वारणेचा वाघ' (१९७०), 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' (१९७४) असे पिक्चर निघाले. इंग्रजांशी आणि भुकेशी झुंजणारा मांग समाजातला नायक मराठी पडद्यावर आला तो वारणाकाठच्या लढ्यातून.

सावकार ते चेअरमन

आता माझ्या आडनावाचा विषय. १९२५ च्या बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'मध्ये शेतकऱ्याचा शत्रू सावकार होता. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, कसणारा मालक झाला आणि सावकाराचा दरारा ओसरला. गावात सत्तेची नवी जागा तयार झाली: सोसायटी, बँक, साखर कारखाना. आपल्या भागात तर बेचाळीसचे लढवय्येच या कामात पुढे होते. २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले आणि गोळी खाल्लेले वसंतदादा पाटील, त्यांनीच पुढे सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला.

पण सत्ता जिथे जाते तिथे कॅमेरा मागोमाग जातोच. जब्बार पटेलांचा आणि तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला. त्यात निळू फुल्यांचा हिंदुराव साखर कारखान्यावर राज्य करतो आणि लागूंचा मास्तर एका गायब झालेल्या माणसाचं काय झालं हे गावभर विचारत फिरतो. हिंदुराव म्हणजे कोणी एक खरा माणूस नव्हे. पण पेरणीचं कर्ज, उसाची तोड आणि पोराची नोकरी एकाच्याच हातात असली की काय होतं, हे प्रेक्षकाला ओळखीचं होतं. म्हणून पिक्चरातला पाटील व्हिलन. आता मला तेवढं लागत नाही.

जे पडद्यावर आलंच नाही

इथपर्यंत लिहून मी थांबणार होतो. पण गेल्या दिवाळीत माझा रूम पार्टनर माझ्या घरी आला आणि लेख पुरा बदलला.

पार्टनर पुण्याचा. त्याच्या घरचं मूळ गाव आमच्या गावापासून आठ किलोमीटरवर आहे, हे आम्हाला तीन वर्षं एका खोलीत राहून माहीत नव्हतं. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि पुढच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्यातलं एक त्याच्या पणजोबांचं. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही तेव्हाच जळला. 'मीठ भाकर'ची फिल्म त्यात गेली. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ परत उभा केला आणि पिक्चर पुन्हा काढला.

म्हणजे आग सिनेमाच्या अगदी घरात शिरली होती. तरी मी पाहिलेल्या मराठी पिक्चरांत ती आग मला कुठे दिसली नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' कादंबरी लिहिली, आपल्या लायब्ररीत आहे. पण पिक्चर? त्याला तर सगळ्या गावाने तिकीट काढावं लागतं. ज्यांची घरं जळली ते निघून गेले होते आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर जळली तेच प्रेक्षक होते. चीनमध्ये सरकारी कात्री होती. सांस्कृतिक क्रांतीचे हाल दाखवणारा झांग यिमूचा 'टू लिव्ह' १९९४ मध्ये कानला बक्षीस घेऊन आला, पण चीनमध्ये लागला नाही. आपल्याकडे इथे कात्रीची गरजच पडली नाही, आपणच गप्प बसलो.

पार्टनरला घेऊन मी त्या गावी गेलो. जोतं तेवढं शिल्लक आहे, त्यावर बाभळी. त्याने आजोबांना फोन लावला. ते तेव्हा सात वर्षांचे होते. त्यांनी घराचं काही विचारलं नाही. म्हणाले, "मागं विहीर होती, आहे का रे अजून? पाणी गोड होतं." विहीर आहे, पण पाणी पिण्यासारखं राहिलेलं नाही. पार्टनर म्हणाला, "आहे, आजोबा." एवढंच.

रात्री आमच्या आजीला सांगितलं. ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची पोर. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "धूर आमच्या माळवदावरनं दिसत होता. आमच्यातलंबी कोण कोण गेलं हुतं तिकडं. कुणी इचारलंच न्हाई आजपातूर." मग तिने पार्टनरच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली.

आमच्या पणजोबांबद्दल मी पुढे विचारलं नाही. धीर झाला नाही. पुढच्या सुट्टीत विचारणार आहे.

तर ज्युनिअर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं राहिलेलं अर्धं उत्तर हे. व्हिलन युद्ध ठरवतं, सेन्सॉर ठरवतं, फिल्मचा कोटा ठरवतो आणि शेवटी तिकीट काढणारे आपण ठरवतो. पिक्चर बघताना कोण मारतोय ते बघच, पण कोणती मारामारी दाखवलीच नाही तेही बघ.

टीव्ही रूमसाठी पुढच्या तीन शनिवारांची यादी मी रेक्टर सरांकडे दिली आहे: 'शेजारी', 'दो आँखें बारह हाथ', 'सामना'. आणि घरी नव्वदीला टेकलेलं कोणी असेल तर येत्या सुट्टीत जवळ बसा. ही रीळ एकच प्रत आहे, तिची निगेटिव्ह कुठल्याही स्टुडिओत नाही.