शालेय पत्रव्यवहार : मोजके व स्पष्ट लेखन

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. तथापि भाषा मराठी असली म्हणजे पत्र सुबोध होतेच, असे नाही. ‘वर्गखोलीची अवस्था शोचनीय असून योग्य ती कार्यवाही व्हावी’ या वाक्यावरून कोणती खोली, काय बिघडले, काय हवे, हे कळत नाही. खुलासा मागविण्यातच पावसाळा येतो व मुले भिजतात. त्याऐवजी असे लिहावे : ‘खोली क्र. २ चे छप्पर गळते. तेथे ३१ मुले बसतात. जूनपूर्वी ४० कौले मिळावीत.’

मुख्याध्यापकांनी एका पत्रात एकच विषय घ्यावा. पत्र पाठविण्यापूर्वी सहकाऱ्यास वाचावयास द्यावे. त्यास पडलेला प्रश्न कार्यालयासही पडणारच. त्याचे उत्तर पत्रातच असावे.