डोक्याला मुका मार

आपला मेंदू कवटीत असतो. डोके जोरात आपटले की तो आतल्या आत हलतो. रक्त दिसत नाही, पण चक्कर येते, मळमळते. मग खेळ थांबवून दवाखान्यात जावे.

कबड्डीत माझ्या दादाला असेच झाले. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आराम. मग थोडे चालणे, मग शाळा, मग धावणे. प्रत्येक पायरीला एक दिवस तरी द्या. डोके जास्त दुखले तर एक पायरी मागे या. मी हो म्हटल्यावरच कबड्डी."

दादा रुसला. "मी नसलो त टीम हारन ना!"

मी सांगितले, २०२० साली कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला चेंडू लागला. बदली चहल आला. त्याने ३ बळी घेतले. भारत जिंकला.

म्हणून मित्रांनो, घाई करू नका.

— इयत्ता ४ थी