स्नायूंचा संदेश आणि यंत्राचा आकडा

धम्मबांधवांनो, तथागतांनी सोण भिक्खूला दिलेला वीणेचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहेच. तार फार ताणली तर सूर लागत नाही आणि सैल सोडली तरी लागत नाही. चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेतलेल्या सोणाला प्रयत्नाचे योग्य माप कळावे, हा त्या उपदेशाचा हेतू होता. व्यायामशाळेत वजने उचलणाऱ्या आपल्या तरुणांपुढेही मापाचा हाच प्रश्न असतो. कोणता स्नायू किती राबतो, हे दाखविणारे संवेदक आता अंगावर चिकटवता येतात किंवा कपड्यात बसवलेले मिळतात.

त्यामागील शास्त्र जुने आहे. मेंदूचा आदेश मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत पोहोचला की तेथे सूक्ष्म विद्युतसंकेत उमटतात. एमिल द्यु बुआ-रेमाँ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४९ साली माणसाच्या स्नायूंतील अशा विजेची नोंद केली. संवेदक त्वचेवर हेच संकेत टिपतो आणि मोबाईलवर आलेख दाखवितो. पाठीच्या व्यायामात सारा भार दंडच उचलत असतील, तर ते त्यावरून लक्षात येते.

परंतु हा आकडा म्हणजे ताकद नव्हे. स्नायू थकत असताना तेच वजन उचलायला जास्त संकेत लागतात. आकडा वाढतो, शक्ती मात्र घटत असते. घाम, त्वचेखालील चरबी, संवेदकाची थोडी सरकलेली जागा यांनीही तो बदलतो. म्हणून आपला आकडा मित्राच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

वापरताना पुढील पथ्ये पाळावीत :

१. त्वचा स्वच्छ व कोरडी असावी. संवेदक दर वेळी त्याच जागी लावावा.

२. प्रथम त्या स्नायूचा स्वतःचा पूर्ण जोर मोजावा, तो १०० टक्के धरावा आणि पुढील मोजणी त्याच्या प्रमाणात करावी.

३. सांधा दुखल्यास थांबावे. सांध्याची वेदना या यंत्राला कळत नाही. आकड्याच्या हव्यासापायी खांदा वा गुडघा कायमचा अधू होऊ शकतो.

नवशिक्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून. स्नायू नंतर भरतात. या शिकण्यात संवेदक मदतनीस ठरू शकतो. ज्याला तो परवडत नाही, त्याने जोडीदाराला स्नायूवर बोटे ठेवायला सांगावे. स्नायू कडक होतो की नाही, हे लगेच समजते.

काही दिवसांनी यंत्र काढून ठेवावे आणि सावध चित्ताने व्यायाम करावा. तार किती ताणावी, हे शेवटी ज्याचे त्यानेच ओळखायचे असते.

भवतु सब्ब मंगलं!