खचवणारी पुस्तकं

कळंबोली

चि. मुक्ता,

‘झाडाझडती’ अर्ध्यावर मिटलीस आणि वर विचारतेस, मामा, सगळ्यांत खिन्न करणारं पुस्तक कोणतं? तुमच्या ग्रुपवर म्हणे यावरून चढाओढ लागली आहे. धन्य आहे तुमची!

विचारलंच आहेस तर माझ्या लेखी ‘रणांगण’. विश्राम बेडेकरांची ही एकुलती एक कादंबरी, १९३९ची. बोटीवरच्या त्या ज्यू हॅर्टाला कुठल्याच किनाऱ्यावर थारा नाही. ‘श्यामची आई’ मात्र यादीत घालू नकोस. तिनं डोळे भरून येतात, पण पुस्तक ठेवलं की आईला फोन करावासा वाटतो. रडू येणं वेगळं, खचणं वेगळं.

खचवणाऱ्या पुस्तकांपैकी काही नुसती दुःखं ओतत जातात. ती खुशाल अर्ध्यावर टाक, कुणी परीक्षा घेत नाही. पण हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ घे. १८९०पासून ती ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं येत होती. यमूचे हाल तिच्या नशिबावर ढकलून मोकळं होता येत नाही. ते घरातल्याच माणसांनी केलेत, हे पानोपानी दिसतं. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ त्याच जातीची. जांभळी गाव धरणात जातं ते पावसानं नव्हे. नोटिशीनं, मोबदल्याच्या आकड्यानं, कचेरीच्या हेलपाट्यांनी.

मी बसलोय तो सेक्टरही कुणाच्या तरी भातखाचरावरच उभा आहे. १९७०नंतर नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी पनवेल-उरणकडच्या जमिनी गेल्या. जमिनीच्या भावासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या पाठीशी शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ला जासई-नवघर भागात गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देणारी ‘साडेबारा टक्के’ योजना आली ती त्या लढ्यातून. इथले दलाल चहा पिता पिता ‘साडेबाराचा प्लॉट आहे, बघता का?’ म्हणतात. ‘झाडाझडती’ पुरी वाचणाऱ्याला त्या साडेबारामागचं फार समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून ती संपव. मात्र रात्री अंथरुणात नको, दिवसाउजेडी वाच. हाती पेन्सिल घे आणि कुठल्या कागदावर कुणाची सही झाली तिथं खूण कर. मधे हसायला चिं. वि. जोशींचा चिमणराव वाचलास तरी चालेल, त्यात कमीपणा नाही.

सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’ माझ्याकडे आहे, पण ‘झाडाझडती’ संपल्याशिवाय ते मिळायचं नाही.

तुझा,
मामा