चाळिशीत एअरसॉफ्ट?

प्रश्न : नोकरीनिमित्त टोकियोत राहतो. वय ४३. ऑफिसातले सहकारी एअरसॉफ्ट खेळायला बोलावतात. या वयात सुरुवात करावी का? चष्मा आहे, गुडघेही कुरकुरतात.

उत्तर : खुशाल जा. नकली बंदुकांनी एकमेकांवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडायच्या या खेळाला जपानात ‘साबागे’ म्हणतात आणि मैदानावर तुमच्या वयाचे लोक भरपूर दिसतील. टोकियोकरांची बरीच मैदानं शेजारच्या चिबात आहेत. गन लगेच विकत घेऊ नका, भाड्याने मिळते.

गोळी ६ मिलिमीटरची, प्लॅस्टिकची. २००६च्या कायदादुरुस्तीनंतर गनची ताकद ०.९८ ज्यूलच्या आत ठेवावी लागते, म्हणजे ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला फार तर ९९ मीटर वेगाने सुटते. अंगावर चिमटा बसतो, पण डोळा जाऊ शकतो आणि दातही तुटू शकतो. तुमचा नेहमीचा चष्मा संरक्षण देत नाही. चष्म्यावरून बसणारा, पूर्ण चेहरा झाकणारा मास्कच मागा. त्याची काच वाफेने धुरकटली तरी मैदानात तो काढायचा नाही, आधी बाहेर यायचं.

गुडघ्यांसाठी नीपॅड घ्या, घोटा धरून ठेवणारे बूट घाला आणि धावपळ तरुणांवर सोडा. आडोशामागे दबा धरून बसणाराही संघाला हवाच असतो. गोळी लागली की ‘हिट’ ओरडून, हात वर करून स्वतःच बाहेर पडायचं. लागली की नाही हे ठरवायला पंच धावत येत नाही. काहींना हेच सर्वांत जड जातं!

स्वतःची गन घेतलीत, तर ती ट्रेनमधून बंद बॅगेतच न्या. आणि पुतण्यासाठी एखादी भारतात नेण्याच्या फंदात मात्र पडू नका.